फळात अळी शिरण्याआधीचे काही तास: फळबागेतील पतंगवर्गीय किडींचा बंदोबस्त

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सफरचंद, पेअर आणि पीच अशी मिश्र बाग असून हंगामभर ठरावीक अंतराने कीटकनाशकाच्या फवारण्या केल्या जातात. दिव्याच्या सापळ्यात रोज रात्री भरपूर पतंग सापडतात, तरीही काढणीच्या वेळी फळ कापले की आत अळी किंवा तिच्या विष्ठेचा भुगा निघतो. अशा वेळी औषध बदलावे, त्याचे प्रमाण वाढवावे, की फवारण्यांची संख्या वाढवावी? त्याला जोडूनच असेही विचारले आहे की, बागेच्या कडेच्या लिंबूवर्गीय झाडांवरील पिकत आलेल्या फळांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात आणि ती फळे सडून गळतात, ही करणीसुद्धा त्याच किडीची आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे आणि त्याचे कारण पुढे सविस्तर देतो. पहिल्या प्रश्नाबाबत माझे मत स्पष्ट आहे: औषध, प्रमाण आणि संख्या या तिन्ही गोष्टींना हात लावण्याआधी फवारणीची वेळ तपासा. फळ पोखरणाऱ्या पतंगांच्या बाबतीत फवारण्या वाया जातात, त्या बहुतेक वेळा औषध कमजोर असल्यामुळे नव्हे, तर अळी फळाबाहेर असतानाचा अगदी थोडा काळ हुकल्यामुळे. मादी पतंग फळावर किंवा फळाजवळच्या पानावर सुटे सुटे अंडे घालते. अंडे उबल्यावर बाहेर पडलेली अळी जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची असते. ती पानाफळाच्या पृष्ठभागावर काही तास, फार तर एखाद-दोन दिवस भटकते आणि सोयीची जागा मिळताच फळात शिरते. त्यानंतर ती पूर्ण वाढ होईपर्यंत आतच राहते आणि फळाच्या सालीवर पडलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अळी आत शिरल्यानंतर केलेली दुप्पट प्रमाणाची फवारणी त्या अळीला काहीच करत नाही; ती मारते ते बागेतल्या मित्रकीटकांना.

म्हणून सुरुवात ओळखीपासून करावी. गळालेली आणि झाडावरची संशयास्पद फळे धारदार चाकूने उभी चिरून पाहा. अळी देठाच्या विरुद्ध बाजूच्या खळगीतून किंवा दोन फळे एकमेकांना टेकतात त्या जागेतून शिरलेली असेल, तिचा मार्ग सरळ गाभ्याकडे गेलेला असेल, बिया कुरतडलेल्या असतील आणि शिरण्याच्या भोकाशी तपकिरी विष्ठा साचलेली असेल, तर ती बहुधा कॉडलिंग पतंगाची अळी असते. पूर्ण वाढलेली अळी दीड ते दोन सेंटिमीटर लांब, गुलाबीसर पांढरी आणि तपकिरी डोक्याची असते. पीचमध्ये, आणि पुष्कळदा सफरचंदातही, दिसणारी ओरिएंटल फळपतंगाची अळी रंगाने जवळजवळ तशीच असली, तरी ती बियांचा नेम धरून जात नाही, गरातून वेडीवाकडी फिरते. दोघींमधला नेमका फरक हातातल्या भिंगाखाली कळतो. ओरिएंटल पतंगाच्या अळीच्या शेवटच्या खंडाखाली काळसर दातांची एक बारीक कंगव्यासारखी रचना असते. कॉडलिंगच्या अळीला ती नसते. ही तपासणी किरकोळ वाटली, तरी तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे, कारण या दोन्ही किडींचे कामगंध (मादीने नराला बोलावण्यासाठी सोडलेले गंध), त्यांच्या वाढीला लागणारे तापमान आणि त्यांच्या पिढ्यांची संख्या वेगवेगळी आहे. एकीचा सापळा लावून दुसरीची फवारणी करणाऱ्या बागा कमी नाहीत.

दिव्याच्या सापळ्यात सापडणाऱ्या पतंगांवरून समाधान मानू नका. त्या दिव्यावर शेकडो जातींचे पतंग येतात. त्यांतील बहुसंख्यांचा फळाशी काही संबंध नसतो आणि त्यांच्याबरोबर उपयोगी कीटकही मरतात. आपल्याला लागतो तो कामगंध सापळा. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तोच गंध कृत्रिम रीतीने तयार करून रबराच्या छोट्या बुचात, म्हणजे ल्युरमध्ये, भरलेला असतो. असा पहिला कामगंध 1959 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांच्या गटाने रेशीमपतंगापासून ओळखला आणि कॉडलिंग पतंगाच्या गंधाचा मुख्य घटक 1971 मध्ये निश्चित झाला. सापळा झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागात टांगावा, कारण या पतंगांचे मिलन बहुतांशी शेंड्याच्या भागात होते. तोंडासमोरची पाने-फांद्या काढाव्यात आणि कळ्या उमलण्याच्या सुमारास, म्हणजे पहिला पतंग उडण्याच्या आधी, सापळा जागेवर असावा. ल्युर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत, साधारणपणे चार ते सहा आठवड्यांनी, बदलावी. शिल्लक ल्युर फ्रीजरमध्ये ठेवाव्यात आणि दोन वेगळ्या किडींच्या ल्युरना एकाच हाताने शिवू नये, कारण बोटांना लागलेला गंध दुसऱ्या सापळ्याला निकामी करू शकतो. जुनी ल्युर बागेत टाकून देऊ नये. ती बरेच दिवस नरांना भुलवत राहते आणि सापळ्याचे आकडे बिघडवते.

या सापळ्याकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नये. त्यात फक्त नर सापडतात, आणि उरलेला एकेक नर अनेक माद्यांशी मिलन करू शकतो. त्यामुळे काही सापळे टांगून किडीचा नायनाट होत नाही. सापळ्याचा खरा उपयोग घड्याळासारखा आहे: पतंगांचे उड्डाण केव्हा सुरू झाले, हे तो सांगतो आणि तिथून आपली मोजणी सुरू होते.

ही मोजणी तापमानावर करायची असते, तारखेवर नाही. कीटकाचे शरीर स्वतःची उष्णता राखत नाही. हवा गार असेल तर अंडे सावकाश उबते, गरम असेल तर झपाट्याने. कॉडलिंग पतंगाची वाढ साधारण 10 अंश सेल्सिअसच्या खाली थांबते आणि 31 अंशांच्या वर तिचा वेग वाढत नाही. रोजच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढून तीतून 10 वजा केले, की त्या दिवसाचे अंश-दिवस मिळतात. सापळ्यात सलगपणे पतंग येऊ लागले, त्या दिवसापासून ही बेरीज सुरू करायची. ती सुमारे 140 च्या घरात पोहोचली, की पहिली अंडी उबू लागतात. उदाहरणार्थ, कमाल 28 आणि किमान 14 असेल, तर सरासरी 21 आणि त्या दिवसाचे अंश-दिवस 11 होतात. असे दिवस चालू राहिले, तर सुमारे तेराव्या दिवशी अळ्या दिसू लागतील. पण कमाल 20 आणि किमान 12 असे गारव्याचे दिवस असतील, तर रोज फक्त 6 अंश-दिवस जमा होतात आणि तीच वेळ तेवीस-चोवीस दिवसांवर जाते. ठरावीक तारखेला फवारणी करणाऱ्याचे एका वर्षी साधते आणि दुसऱ्या वर्षी दहा दिवसांनी हुकते, त्याचे कारण हेच. किमान तापमान 10 च्या खाली उतरत असेल, तर हा साधा हिशेब थोडा कमी आकडा देतो. अशा दिवसांसाठी अनेक ठिकाणच्या कृषी हवामान सेवा तयार तक्ते देतात, त्यांचा आधार घ्यावा.

आणखी एक बाब ध्यानात घ्यायला हवी. एका पिढीची सगळी अंडी एकाच दिवशी उबत नाहीत, ती प्रक्रिया कित्येक आठवडे चालते. शिवाय हे पतंग संध्याकाळी उडतात आणि संध्याकाळचे तापमान साधारण 16 अंशांच्या खाली असेल, तर त्यांचे मिलन आणि अंडी घालणे मंदावते. त्यामुळे गार संध्याकाळींचा एक आठवडा गेला आणि नंतर उकाडा सुरू झाला, की साचलेली अंडी एकदम पडतात. एका फवारणीचा अंश फळावर दोन आठवडे टिकत असेल, तर पहिल्या पिढीसाठी दुसरी फवारणी का लागते, हे यावरून समजेल. पहिल्या पिढीला आवर घालणे सर्वांत महत्त्वाचे असते. थंड प्रदेशात या किडीची वर्षाला एकच पिढी होते, पण उबदार प्रदेशात तीन-चारही होतात. सुरुवातीला सुटलेल्या थोड्या अळ्यांचे शेवटच्या पिढीत काय होते, हे मग काढणीच्या वेळी दिसते.

आता फवारणीशिवाय करायच्या कामांकडे येतो. माझ्या मते लहान आणि मध्यम बागेत सर्वाधिक फायदा याच कामांतून मिळतो, आणि नेमकी हीच कामे सर्वांत आधी टाळली जातात. अळी फळाबाहेर पडली, की तिला कोषासाठी कोरडी, आडोशाची, अरुंद फट हवी असते. ती खोडाच्या सुटलेल्या सालीखाली, फांदीच्या बेचक्यात, जुन्या छाटणीच्या खाचेत, आधाराच्या बांबूत, लाकडी पेट्यांच्या जोडांत आणि बुंध्याजवळच्या पालापाचोळ्यात शिरते. थंडीचा काळ ती तिथेच, रेशमी कोषात, अळीच्या रूपात काढते. म्हणून झाडे विश्रांतीत असताना जुन्या झाडांची सुटी साल बोथट खरवडणीने हलक्या हाताने काढावी, आतल्या जिवंत सालीला इजा होऊ देऊ नये आणि खाली पसरलेल्या कापडावर पडलेला कचरा गोळा करून नष्ट करावा. बांबू, पेट्या आणि फळ्या बागेतच रचून ठेवू नयेत. निदान पतंग बाहेर पडण्याच्या काळात त्या बंद खोलीत, जाळी लावलेल्या खिडक्यांच्या आत असाव्यात. ज्या बागेत पेट्यांचा ढीग एका कोपऱ्यात असतो, तिथे पुष्कळदा त्या कोपऱ्यातलीच फळे सर्वाधिक पोखरलेली आढळतात.

साल गुळगुळीत असलेल्या झाडांवर खोडपट्टी फार चांगली चालते. नालीदार पुठ्ठ्याची दहा-पंधरा सेंटिमीटर रुंदीची पट्टी घ्यावी आणि नाली उभी व खोडाकडे राहील अशा रीतीने बुंध्याभोवती घट्ट बांधावी. फळातून उतरणारी किंवा जमिनीवरून परत चढणारी अळी त्या नालीत शिरून कोष करते. पट्टी काढून उलगडली, की प्रत्येक नळीत पांढऱ्या रेशमी अस्तरात वळून बसलेली गुलाबी अळी दिसते. कीड किती आहे, हे त्या दृश्यावरून जितके नीट कळते, तितके कोणत्याही आकड्यावरून कळत नाही. मात्र पट्टी वेळेवर काढणे हीच या उपायातील अट आहे. पहिल्या पिढीच्या अळ्या फळे सोडू लागण्याआधी पट्टी बांधावी, त्यांचे पतंग बाहेर पडण्याआधी ती काढून जाळावी आणि लगेच नवी बांधावी. पट्टी विसरली, तर आपणच किडीला सुरक्षित घर बांधून दिल्यासारखे होते. झाडाची साल खडबडीत असेल, तर अळीला पट्टीपर्यंत येण्याआधीच जागा सापडते, म्हणून तिथे आधी खरवडणी करावी.

गळालेली फळे एक-दोन दिवसांआड उचलावीत. अळी फळ पडल्यावर फार काळ आत थांबत नाही, त्यामुळे आठवड्याने केलेली वेचणी पुष्कळदा रिकामी फळेच गोळा करते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे झाडावरची पोखरलेली फळे विरळणीच्या वेळी आणि नंतरही काढून टाकणे, कारण त्यांत अळी असतेच. अशी फळे साध्या कंपोस्टच्या ढिगावर टाकू नयेत. जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ती उन्हात दोन-तीन आठवडे ठेवावीत, म्हणजे आतली अळी उष्णतेने मरते. विरळणी करताना घोसात शक्यतो एकच फळ ठेवावे. दोन फळांच्या बेचक्यात अळीला शिरायला आधार मिळतो आणि तिथे औषधही नीट पोहोचत नाही.

झाडे थोडी असतील, तर फळांना पिशव्या बांधणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि घरच्या बागेसाठी मी तोच आधी सुचवेन. विरळणीनंतर फळ साधारण दीड-दोन सेंटिमीटर व्यासाचे झाले, की कागदी किंवा बारीक विणीच्या कापडी पिशवीत घालून देठाशी तोंड आवळावे. फळाला रंग हवा असेल, तर काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी अपारदर्शक पिशवी काढावी. हे काम वेळखाऊ आहे, पण एकदा नीट बांधलेल्या फळाला त्या किडीसाठी फवारणी लागत नाही. मोठ्या बागेत त्याऐवजी झाडांच्या संपूर्ण ओळीवर बारीक जाळी टाकतात. ती परागीभवन आटोपल्यानंतर टाकावी, म्हणजे मधमाश्यांची अडचण होत नाही. केओलिन या पांढऱ्या मातीच्या पुडीचा थर फळांवर आणि पानांवर दिला, तरी माद्या अंडी कमी घालतात आणि लहान अळीला चालणे अवघड जाते. पण हा थर पावसाने धुऊन जातो आणि फळ वाढत असताना त्याला भेगा पडतात, म्हणून तो वारंवार द्यावा लागतो.

मोठ्या, सलग बागेसाठी मिलनात अडथळा आणण्याची पद्धत आज सर्वांत उपयुक्त ठरली आहे. बागेत सर्वत्र कामगंधाच्या नळ्या टांगल्या, की हवेत गंध इतका भरून राहतो की नराला खऱ्या मादीचा माग लागत नाही. मिलन हुकते किंवा लांबते आणि अंडी कमी पडतात. नळ्यांच्या प्रकारानुसार हेक्टरी सुमारे 500 ते 1000 नळ्या लागतात. त्या पतंगांच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि झाडाच्या शेंड्याजवळ बांधाव्या लागतात. या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. मिलन होऊन गेलेली मादी शेजारच्या बागेतून उडून आली, तर तिच्यावर या गंधाचा काही परिणाम होत नाही. म्हणून चार हेक्टरांहून लहान, लांबट किंवा वाऱ्याच्या तोंडावरच्या बागेत यश कमी मिळते आणि कडेच्या ओळींना वेगळे संरक्षण द्यावे लागते. लहान बागांच्या शेजाऱ्यांनी एकत्र येऊन सलग पट्ट्यात नळ्या लावल्या, तर मात्र प्रत्येकाला लाभ होतो. शेजारी दुर्लक्षित सफरचंद, पेअर, क्विन्स किंवा अक्रोडाची झाडे असतील, तर त्यांची व्यवस्था आधी लावावी, कारण कॉडलिंग पतंग या सगळ्यांवर वाढतो. आणखी एक सूचना: ही पद्धत वापरलेल्या बागेतला साधा कामगंध सापळा रिकामा राहतो, याचा अर्थ कीड नाही असा होत नाही. तिथे जास्त मात्रेची किंवा पेअरच्या गंधाचा अंश असलेली ल्युर वापरावी. त्या दुसऱ्या ल्युरकडे माद्याही येतात.

वंध्य पतंग सोडण्याची पद्धत याहून मोठ्या प्रमाणावरची आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या ओकानागन खोऱ्यात 1990 च्या दशकात किरणोत्साराने वंध्य केलेले कॉडलिंग पतंग सोडायला सुरुवात झाली आणि तिथे ही कीड बरीच आटोक्यात आली. पण हे एकट्या बागायतदाराचे काम नाही, ते संपूर्ण खोऱ्याने मिळून करायचे काम आहे.

फवारणी करायचीच असेल, तर काय निवडावे? या ठिकाणी इतिहासातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फळबागांत शिशाच्या आर्सेनेटचा भडिमार झाला. त्या विषाला न जुमानणारा कॉडलिंग पतंग 1928 मध्येच अमेरिकेत नोंदवला गेला, तरीही बागायतदार प्रमाण आणि फवारण्या वाढवत राहिले. त्या जुन्या बागांच्या मातीत ते शिसे आणि आर्सेनिक आजही सापडते. पुढे आलेल्या अनेक रसायनांचीही हीच गत झाली. म्हणून एका पिढीवर एकाच क्रियापद्धतीच्या गटातले औषध आणि पुढच्या पिढीवर दुसऱ्या गटातले, हा नियम काटेकोरपणे पाळावा. व्यापारी नाव बदलले म्हणजे गट बदलला असे होत नाही. वेष्टनावरील गट क्रमांक पाहावा. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल गट 28 मध्ये, स्पिनोसॅड गट 5 मध्ये आणि मेथॉक्सीफेनोझाइड गट 18 मध्ये येते. पायरेथ्रॉइड गटातली औषधे पतंगांवर झटपट परिणाम दाखवतात, पण ती परभक्षी कोळी आणि मित्रकीटक मारतात, आणि त्यानंतर लाल कोळीचा उद्रेक होतो, म्हणून मी ती फळबागेत शक्यतो टाळतो. फुलोऱ्यात कोणतेही कीटकनाशक फवारू नये. स्पिनोसॅड सेंद्रिय शेतीत चालत असले, तरी ओले असताना ते मधमाश्यांना घातक असते, म्हणून ते मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारावे. कोणते औषध कोणत्या फळपिकाला आणि काढणीच्या किती दिवस आधीपर्यंत चालते, हे देशागणिक वेगळे असते. त्या बाबतीत आपल्याकडचे वेष्टनच प्रमाण मानावे.

जैविक औषधांपैकी कॉडलिंग पतंगाचा ग्रॅन्युलोव्हायरस हे माझे पहिले पसंतीचे साधन आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोत सापडलेला हा विषाणू या पतंगाच्या आणि त्याच्या काही जवळच्या नातलगांच्या अळ्यांनाच मारतो; माणूस, मधमाशी, पक्षी यांना त्याचा उपद्रव नाही. अळीने तो खाल्ला पाहिजे, म्हणून तो अंडी उबण्याच्या सुरुवातीलाच फळावर असावा लागतो. उन्हातील अतिनील किरणांनी तो लवकर निष्क्रिय होतो, म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा फवारावा लागतो. मरण्यापूर्वी अळी सालीला थोडे कुरतडते, त्यामुळे फळांवर वरवरचे डाग राहतात. पण ती गाभ्यापर्यंत पोहोचत नाही आणि पुढची पिढी घटते. या विषाणूलाही दाद न देणाऱ्या अळ्या 2000 नंतरच्या दशकात युरोपात आढळल्या आहेत, तेव्हा केवळ त्याच्यावर सारी भिस्त ठेवू नये. बीटी या नावाने मिळणारे जिवाणूजन्य औषध पाने खाणाऱ्या आणि पाने गुंडाळणाऱ्या अळ्यांवर चांगले चालते; फळात थेट शिरणारी अळी वरची साल फारशी खात नाही, त्यामुळे तिच्यावर त्याचा प्रभाव कमी पडतो.

मित्रकीटकांबद्दल थोडक्यात सांगतो. ट्रायकोग्रामा ही एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. ती सोडायची ती अंडी घालण्याच्या काळातच, आणि तीव्र फवारणीच्या आसपास मुळीच नाही. दोन ओळींमध्ये बडीशेप, कोथिंबीर यांच्यासारखी छत्रीच्या आकाराची फुले येणारी झाडे ठेवली, तर अशा परोपजीवींना मकरंद मिळून त्या जास्त काळ जगतात. सालीखालच्या कोषातल्या अळ्या सुतारपक्षी आणि वल्गुलीसारखे छोटे पक्षी वेचून खातात, आणि वटवाघळे उडते पतंग पकडतात. त्यांच्यासाठी बांधावरची जुनी झाडे राखणे उपयोगाचे असते.

पीचच्या बाबतीत एक वेगळी खूण सांगायला हवी. ओरिएंटल पतंगाची पहिली पिढी फळात नव्हे, तर कोवळ्या शेंड्यात शिरते. शेंडा सुकून मान टाकतो आणि त्याच्या टोकाशी डिंक दिसतो. असे शेंडे सुकलेल्या भागाच्या खाली, हिरव्या भागात कापून नष्ट केले, तर पुढे फळात जाणाऱ्या अळ्या तेवढ्याने कमी होतात. शेंडे निबर झाले, की हीच कीड फळांकडे वळते आणि उशिराच्या पिढीतील अळी देठाजवळून अशी शिरते की बाहेर भोकही दिसत नाही. नत्राचा जादा हप्ता देऊन उशिरापर्यंत कोवळी फूट वाढवत राहणे म्हणूनच या पतंगाच्या पथ्यावर पडते.

आता लिंबूवर्गीय फळांवरच्या भोकांविषयी. पिकत आलेल्या फळाला टाचणीएवढे गोल भोक, दाबले तर त्यातून रस बाहेर येणे, भोकाभोवतीचा भाग मऊ पडून लवकरच सडणे आणि कापल्यावर आत अळी नसणे, ही रस शोषणाऱ्या पतंगांची लक्षणे आहेत. इथे नुकसान अळी करत नाही, स्वतः पतंग करतो. त्याची सोंड टोकाला कठीण आणि काटेरी असते, त्यामुळे तो जाड साल भेदू शकतो. तो आकाराने मोठा असतो, पंखांचा विस्तार नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जातो. पुढचे पंख वाळक्या पानासारखे आणि मागचे नारिंगी-पिवळ्या रंगावर काळे ठिपके वा पट्टे असलेले असतात. त्याच्या अळ्या बागेत वाढतच नाहीत. त्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या रानवेलींवर वाढतात आणि पतंग दररोज रात्री बाहेरून बागेत येतो. त्यामुळे झाडांवर केलेली फवारणी या किडीला जवळजवळ निरुपयोगी आहे, शिवाय ती काढणीच्या तोंडावर केलेली असल्याने धोक्याचीही आहे. फळांना पिशव्या किंवा झाडांना जाळी, फळ तयार होताच वेळेवर तोडणी आणि वासाने पतंगांना बोलावणारी गळकी, सडकी फळे रोज उचलणे, हे उपाय करावेत. जपानमध्ये बागांत रात्रभर पिवळा प्रकाश ठेवून हे पतंग दूर राखण्याची पद्धत रूढ आहे. त्या प्रकाशात पतंगाचे डोळे दिवसासारखी अवस्था धारण करतात आणि तो खाण्यासाठी फिरत नाही. थोडी झाडे असतील, तर अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत विजेरी घेऊन फिरावे. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे प्रकाशात चमकतात आणि तो हाताच्या जाळीने पकडता येतो. त्या वेळी एक पारख ठेवावी: आधीच भोक पडलेल्या फळावर रस प्यायला इतर दुबळ्या सोंडेचे पतंगही येतात, ते मूळ गुन्हेगार नसतात. बांधावरच्या वेली काढल्याने थोडाफार उपयोग होतो, पण हा पतंग दूरवरून उडत येतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये.

याच लिंबूवर्गीय झाडांच्या कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेषा दिसल्या, तर ती पाने पोखरणाऱ्या नागअळीची खूण आहे. मोठ्या झाडाला तिचा फारसा तोटा होत नाही आणि पान निबर झाले की ती त्यात शिरतही नाही, म्हणून मोठ्या झाडांवर तिच्यासाठी फवारणी करू नये. अपवाद दोन: नवी लावलेली रोपे, आणि खैऱ्या (कँकर) रोग असलेला भाग, कारण अळीने केलेल्या जखमांतून त्या रोगाचा जिवाणू पानात शिरतो.

काढणीच्या वेळी बागेच्या प्रत्येक भागातून, कडेच्या ओळींतून आणि मधल्या ओळींतून वेगवेगळी, तसेच झाडाच्या शेंड्यावरची आणि खालची, अशी काही फळे घेऊन ती तपासा आणि पोखरलेल्या फळांचे प्रमाण भागवार लिहून ठेवा. नुकसान कडेलाच असेल, तर पतंग बाहेरून येत आहेत. ते शेंड्यावर जास्त असेल, तर फवारा वरपर्यंत पोहोचत नाही. आणि सर्वत्र सारखे असेल, तर वेळ हुकली आहे किंवा औषधाला प्रतिकार निर्माण झाला आहे. किडीचे प्रमाण आज जास्त असेल, तर पहिल्या वर्षी मिलनात अडथळा आणण्याच्या नळ्यांबरोबर पहिल्या पिढीवर वेळेवरच्या फवारण्याही कराव्या लागतील. पट्ट्या, वेचणी आणि विरळणी यांत खंड पडला नाही, तर त्या फवारण्या पुढच्या हंगामांत टप्प्याटप्प्याने कमी करता येतात. त्या किती कमी करायच्या, हे मात्र दर वर्षी सापळ्यातील पतंग आणि काढणीची ही नोंद पाहूनच ठरवावे.